बाविसाच्या आत

आई न्हाणीत पाय धूत असताना तिला कुणी काही विचारायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता. ती एका खासगी दवाखान्यात सिस्टर होती. सकाळची ड्युटी संपवून तीनच्या सुमारास घरी आली की पिशवी दारातच टाकून ती सरळ न्हाणीत शिरायची, कोपरापर्यंत हात आणि गुडघ्यापर्यंत पाय साबणाने धुवायची आणि मगच आमची आई व्हायची. त्या दुपारी तिनेच नियम मोडला. नळ चालू, बाहेर कूलरची घरघर चालू, आणि त्या सगळ्यावरून तिचा आवाज आला, "पल्लवी, नर्सचं नाव परत यादीत आलं वं!" मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. धाकटी सानू, नुकती आठवी पास झालेली, टीव्ही बंद करून न्हाणीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आता जायचंच ना?"

यादी म्हणजे कॅनडा सरकारची. कोणकोणत्या कामाची माणसं त्यांना हवी आहेत याची ती यादी असते आणि ती बदलत असते, हे आमच्या घरात उठताबसता बोललं जायचं. आईबरोबर वॉर्डात काम करणारी केरळची एक सिस्टर तिकडे गेली आणि तिच्यामागोमाग आईचं मन गेलं. मग आईने खपून कागद जमवले. नर्सिंगच्या मार्कशीटा, कौन्सिलची पत्रं, बाबांच्या नोकरीचा दाखला. सगळं जमेपर्यंत यादी बदलली आणि तीत नर्स कुठेच नव्हती. ती फाइल दिवाणाच्या कप्प्यात गोधड्यांखाली गेली. आई कप्पा उघडायची ती गोधडी काढायला, पण फाइलवरून एकदा हात फिरवल्याशिवाय बंद करायची नाही. आता वाटतं, यादीने तिला तेवढ्यावरच सोडलं असतं तरी चाललं असतं.

आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे एका घराच्या माडीवर भाड्याने राहायचो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाबा इतवारीत कापडाच्या ठोक दुकानात होते. दिवसभर थान उलगडायचे आणि पुन्हा गुंडाळायचे, त्यामुळे त्यांच्या अंगाला कोऱ्या कापडाच्या खळीचा वास असायचा. बोलणं कमी. फाइलचा विषय निघाला की "पाहू" म्हणायचे आणि ताटाकडे पाहायचे. त्या आठवड्यात मात्र बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं आमचं झालं. तिकडच्या घरात खिडकीजवळची कॉट कुणाची, यावरून मी आणि सानूने दोन दिवस अबोला धरला. शेवटी आईने निवाडा दिला की खिडकी मोठीची, कारण मोठीला अभ्यास असतो. बर्फाच्या देशात खिडकीशी झोपणारा काकडतो, हे चौघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. नागपूरच्या माणसाला खिडकी म्हणजे वारा.

सदरमध्ये एका चष्म्याच्या दुकानावर आमच्या व्हिसा सल्लागाराचं ऑफिस होतं. एसी इतका की आई खांद्यावरून पदर घेऊन बसायची. तो हिंदी-मराठीची खिचडी करून बोलायचा, आणि शेतकरी पावसाबद्दल बोलतो तसा क्रायटेरियाबद्दल बोलायचा. "मॅडम, क्रायटेरिया आज अच्छा आहे. कल का मैं नहीं बता सकता." मुख्य अर्जदार आई, तिच्यामागे नवरा आणि बाविसाच्या आतली मुलं, असा हिशेब त्याने समजावला आणि पेनाचं टोक माझ्याकडे केलं. "ही बाविसाच्या आत आहे ना?" बाबा म्हणाले, "अठराची हाये." "मग टेन्शनच नाही." अडलं होतं एकच. इंग्रजीच्या परीक्षेत आईला लेखनात अर्धा गुण कमी पडला होता. तेवढी परीक्षा पुन्हा दिली की फाइल रवाना.

आता आईच्या लेखनाबद्दल सांगायलाच हवं. दहा-बारा वर्षं तिने इंग्रजीत एकच गोष्ट लिहिली होती, पेशंटच्या खाटेला लटकवलेला कागद. तिथे लांब वाक्य लिहिणारी सिस्टर बोलणी खाते. त्यामुळे प्राणिसंग्रहालयं असावीत की नसावीत, असा निबंध आला की आई लिहायची: प्राणी पिंजऱ्यात आहे. अन्न घेतो. हालचाल कमी. झोप ठीक. नातेवाईक जवळ नाहीत. मी हसून हसून लोळायचे. "यात खोटं काय हाये?" ती विचारायची. "महाराजबागेतला वाघ असाच तं पडून राहते." मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरातलं इंग्रजी माझ्याकडे होतं. दुपारी चारला, कणीक मुरत असताना, मी तिला जोडशब्द शिकवायचे. जरी, तरीही, त्यामुळे, याउलट. ती ते औषधांच्या नावांसारखे पाठ करायची आणि लिहायला बसली की पुन्हा तीन शब्दांत वाक्य संपवायची. आई-मुलीचे ते दिवस फार चांगले गेले. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

परीक्षा पंधरा दिवसांवर असताना सल्लागाराचा फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला, कारण त्याचं बोलणं तिला एकटीला पेलायचं नाही. मुलांचं वय आता बाविसाच्या जागी एकोणीस केलं होतं. एक तारीख ठरली होती. तिच्याआधी पोचलेल्या फाइलींना जुना नियम, नंतरच्यांना नवा. "बडीवाली को तो जून में उन्नीस पूरे हो गए ना मॅडम," तो म्हणाला. "तारखेच्या आत पोचली तर ठीक. नाहीतर ती बाहेर." आई म्हणाली, "बाहेर म्हणजे?" तो म्हणाला, "मतलब, तुमच्या फाइलमध्ये नाही." आईने फोन ठेवला आणि गॅसवरचं दूध उतरवलं. आम्हाला कुणालाच फारशी भीती वाटली नाही. परीक्षा व्हायची होती आणि तारीख लांब होती.

आईचा निकाल आला तेव्हा ऐकणं, वाचणं, बोलणं सगळं उत्तम होतं. लेखनात पुन्हा अर्धा गुण कमी. विषय आला होता म्हाताऱ्या माणसांची काळजी. तिच्या हातखंड्याचा विषय, आणि हातखंड्याचा म्हणूनच ती शिकवलेलं सगळं विसरली आणि वॉर्डाचा कागद लिहून आली. लगेच पुढची परीक्षा दिली. त्या वेळी मी तिच्याकडून रोज दोन निबंध लिहून घेतले, आणि या खेपेस ती पास झाली, माझ्याच लांब वाक्यांनी. तो निकाल आला तेव्हा तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. आईने कागदाची घडी करून मिसळणाच्या डब्याखाली ठेवली आणि भाजीला फोडणी दिली. मोहरी जळली. आम्ही चौघांनी ती कडू भाजी खाल्ली आणि आईने भांडी घासली.

खरं तर मी एकोणीस वर्षांची नव्हतेच. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी कुणाच्या लक्षात नव्हतं, इतकी कागदावरची तारीख अंगवळणी पडली होती. आठवण करून दिली मोठ्या बाबांनी, फोनवर. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, पारशिवनीजवळच्या गावी शेती करणारे. ते फोनमध्ये ओरडले, "अरे, पोट्टी तं अजून अठराचीही नाही झाली! तान्ह्या पोळ्याची हाये थे. मंग एकोणीस कुठून झाले?"  बाबा म्हणाले, "दादा, तुमीच तं केले."

ते असं झालं होतं. आई नागपूरला होस्टेलात राहून नर्सिंगचा कोर्स करत होती, म्हणून मला आणि वर्षभराच्या सानूला मोठ्या बाबांच्या घरी मोठ्या आईपाशी ठेवलं होतं. चुलत बहीण रेखा पहिलीत जाणार म्हटल्यावर मी अंगणात लोळण घेतली. मोठे बाबा मला खांद्यावर बसवून शाळेत घेऊन गेले. तिथे वय ओळखायची एकच रीत होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. माझे हात पहिल्यापासून लांब. मी तेव्हा पावणेपाच वर्षांची. गुरुजींनी सांगताच मी कान धरला आणि वर ओढूनही दाखवला. गुरुजींनी रजिस्टरात जूनमधली एक तारीख टाकली, जी त्या वर्षी त्यांनी निम्म्या वर्गाला वाटली होती. मोठ्या बाबांनी सगळ्या पोरांना गूळ-फुटाणे दिले. एका सकाळीत मी सव्वा वर्षाने मोठी झाले आणि त्याचं गावभर कौतुक झालं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचे असे दोन-दोन वाढदिवस आहेत, आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. मला आजही कुणी वय विचारलं तर मी जूनच्या हिशेबाने सांगते.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी बसने गावी गेलो. ग्रामपंचायतीच्या जन्माच्या वहीत माझी खरी तारीख होती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची, म्हणजे तान्ह्या पोळ्याची, निळ्या शाईत. ग्रामसेवकाने दुपारपर्यंत दाखला करून दिला, शिक्क्यासह. मोठ्या आईने तरोट्याची भाजी आणि भाकरी केली होती. मोठे बाबा ताटावर बसले, पण जेवले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडायचे आणि परत ठेवायचे. शेवटी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मीच घालवलं तुले. तू काहून बोलून नाही राहिली वं? शिव्या दे मले." मी म्हटलं, "मोठे बाबा, मलेच शाळेत जायचं होतं." ते खरंच होतं. राग मला आला होता, नाही असं नाही, पण ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून नेलं त्याच्यावर तो काढता येईना. मोठी आई म्हणाली, "आता दाखला भेटला ना. मंग खा न जी." तेव्हा ते चार घास जेवले.

परतीच्या बसमध्ये दाखला माझ्या मांडीवर होता. माझी खरी तारीख मी पहिल्यांदाच छापील पाहत होते. मला फार हायसं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या दीड तासात मी तिकडे पोचलेही होते.

सल्लागाराने दाखला वाचला, टेबलावर ठेवला आणि पुन्हा उचलला. "हे खरं आहे?" "मी जन्म दिला तिले," आई म्हणाली. "मले मालूम नाही का?" "मॅडम, मला पटतं. त्यांना नाही पटणार." दहावीचं सर्टिफिकेट, बारावीचं, पासपोर्ट, आईने यापूर्वी सत्य म्हणून सही केलेले तक्ते, सगळीकडे जून होता. नियम बदलून महिना झाला नाही तोच मुलगी सव्वा वर्षाने लहान कशी झाली, असं ते विचारणार. त्यांना खोटं वाटलं तर एकटी मी नाही, चौघंही बाहेर, आणि पुढची कित्येक वर्षं अर्जसुद्धा करता येणार नाही. बाबांनी विचारलं, आधी सगळ्या सर्टिफिकेटांवर तारीख बदलून घेतली तर? होईल की, तो म्हणाला, बोर्ड, कोर्ट, गॅझेट, दोन-तीन वर्षं धरा. तोवर यादीत नर्स असेल का, असं आईने विचारलं. यावर तो हसलाही नाही. हात तेवढे उघडून दाखवले. गुरुजींनी ठोकून दिलेली तारीख इतक्या कागदांनी उचलून धरली होती की ती खरी झाली होती, आणि माझ्या जन्माची तारीख खोटी पडत होती. आम्ही जिना उतरून खाली आलो. चष्म्याच्या दुकानाच्या आरशात आम्ही तिघं दिसलो, आणि बाबांनी उगाच केस नीट केले.

त्यानंतर चार दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. बाबा दुकानात जात, आई ड्युटीला जाई, मी कॉलेजात. पाचव्या दिवशी, रविवारी, जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "कोणीच नाही जात. झालं." बाबा म्हणाले, "पल्लवीसंग मी राहतो. तुमी दोघी जा." आई म्हणाली, "अन् मी एकटी तिथं दोन पाळ्या करू का सानूले पाहू?" सानू काहीच म्हणाली नाही, आणि ती काही म्हणाली नाही म्हणून मी तिला कितीतरी वर्षं मनातून माफ केलं नाही. चौदा वर्षांच्या पोरीने काय म्हणायला हवं होतं, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "तुमी तिघं जा. मी होस्टेलात राहते. मोठे बाबा आहेत." हे मी फार मोठ्या मनाने म्हटलं असं कुणी समजू नये. ते चार दिवस मला असह्य झाले होते. कुणीतरी काहीतरी म्हणून ते संपवायचं होतं, एवढंच.

घरातले फॉर्म भरायचं काम माझं होतं. अक्षर बरं, खाडाखोड नाही. गॅसच्या सिलिंडरपासून सानूच्या शाळेपर्यंत सगळे फॉर्म मीच भरायचे, त्यामुळे हाही माझ्यापुढे आला. कुणी मुद्दाम दिला नाही, सवयीने आला. सल्लागार पुढे तो कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, पण आधी हाताने भरून द्यावा लागे. मी आईचं नाव लिहिलं, मग बाबांचं, मग सानूचं. सानूपुढे, सोबत येणार का, तर होय. पुढच्या ओळीत मी माझं नाव लिहिलं आणि जूनची जन्मतारीख लिहिली. आई समोर बसून बरबटीच्या शेंगा मोडत होती. ती म्हणाली, "थांब नं वं जरा." मी म्हटलं, "काय थांबू?" तिने पुढची शेंग मोडली. मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली.

त्या क्षणी मला काय वाटलं असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं, रेखाने तर रडत विचारलं. मला काही वाटलं नाही. खूण चौकोनाच्या बाहेर गेली नाही, नीट आली, एवढं मनात आलं. मी फॉर्म आईपुढे सरकवला आणि पेन दिलं. तिने पदराला बोटं पुसली, सही केली आणि खाली मान घालूनच म्हणाली, "मले लांब वाक्यं काहून शिकवले वं तू?" बाबा उठून गच्चीत गेले. मी शेंगांचं ताट जवळ ओढलं आणि उरलेल्या मोडून टाकल्या.

वर्षभराने ते गेले. विमानतळावर मोठे बाबा खूप रडले, मोठी आई रडली, आईही रडली. मी सामानाच्या पट्ट्या नीट लागल्यात का ते पाहत होते. सानूच्या अंगात माझा स्वेटर होता, न विचारता घेतलेला, आणि मी त्याबद्दल काही बोलले नाही. नंतर होस्टेलात माझी खोली चांगली होती. रविवारी मी गावी जायचे. मोठे बाबा मला काही मागू द्यायचे नाहीत, आधीच आणून ठेवायचे, आणि त्यांची ती धडपड पाहणं हीच एक शिक्षा होती, त्यांना आणि मलाही. तिकडून आई रोज फोन करायची. काय जेवलीस, केस का कापलेस, आवाज असा का. मी पेशंटच्या कागदासारखी उत्तरं द्यायचे. जेवले. झोपले. ठीक आहे. आता मीही तीन शब्दांत बोलायला शिकले होते.

मग त्यांनी नियम पुन्हा बदलला. मी एम.एस्सी. करत होते. सकाळी मेसमध्ये नाश्ता करत असताना आईचा फोन आला. तिकडे संध्याकाळ असावी, मागे भांड्यांचा आवाज होता. ती धापा टाकत म्हणाली, "पल्लवी, त्यांनी परत बावीस केलं वं." मी ताट सरकवून बाहेर व्हरांड्यात आले. हिशेब करायला वेळ लागला नाही. कागदावर मला जूनमध्येच बावीस पूर्ण झाले होते. तान्ह्या पोळ्याच्या हिशेबाने मी नुकतेच एकवीस पूर्ण केले होते. आईनेही हा हिशेब आधीच करून ठेवला होता. "इथून आपण तुह्यासाठी अर्ज करू," ती म्हणाली. "थो दाखला दाखवू. इथल्या वकिलाले विचारलं मी, तो म्हणते पाहता येईल. आता आम्ही इथं आहो, आमाले कोण काढते? तू खरी आतच हायेस, बाई. पूर्ण एक वर्ष हाये आपल्यापाशी."

मी म्हटलं, "आई, मले आता यायचंच नाही."

मी हे तिला दुखवायला म्हटलं नव्हतं, आणि रुसूनही नाही. तोंडून गेल्यावर मलाच कळलं की ते खरं आहे. केव्हापासून खरं आहे, ते मला अजूनही सांगता येत नाही. आई म्हणाली, "असं काहून म्हणते वं?"  तिने पुन्हा विचारलं, आणि मग विचारायचं थांबली. ती रडत होती, आवाज न करता. वॉर्डात राहून सिस्टर लोकांना तसं रडता येतं. तिने फोन बाबांकडे दिला. आधी फक्त त्यांचा श्वास ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, "नागपुरात थंडी पडली का बाई?"

मी म्हटलं, "नाही बाबा. अजून पंखा लागते."